एडिसनच्या परसांतील मांडव

न्यू यॉर्क शहराच्या नैर्ऋत्येस, आगगाडीनें पाऊण-एक तासाच्या अंतरावर, न्यू जर्सी संस्थानांत एडिसन नांवाचें गांव आहे. १९५४ पर्यंत त्याचें नांव रॅरिटन असें होतें. थॉमस एडिसननें १८७६ सालीं येथल्याच मेन्लो पार्क भागांत आपली प्रयोगशाळा थाटली व पुढें तेथेंच विजेच्या दिव्याचे प्रयोग केले, म्हणून गांवानें अखेरीस त्याचेंच नांव घेतलें. प्रयोगशाळेच्या जागीं १९३७ सालीं उभारलेला एक मनोरा आहे आणि त्याच्या माथ्यावर कांचेचा एक अवाढव्य दिवा बसविलेला आहे. हल्लीं मात्र आपल्या लोकांत या गांवाची ख्याति आहे ती ओक ट्री रोडमुळें. कढीलिंब, अळूचीं पानें, पूजेचें साहित्य, साड्या, सोनें, जें मागाल तें त्या रस्त्यावर मिळतें, आणि विकणारा व घेणारा दोघेहि आपल्याच देशचे. त्याचें वर्णन आजवर अनेक प्रवाशांनीं केलें आहे. तें पुन्हां करण्याची माझी इच्छा नाहीं. मला लिहावयाचें आहे तें तेथील घरांच्या मागील बाजूविषयीं, व विशेषतः एका घराच्या मागील बाजूविषयीं.

आपल्याकडे घराची बैठक पुढें असते. ओटी, ओसरी, पडवी हीं सारीं रस्त्याकडे तोंड करून. परसू म्हणजे विहीर, केळी, न्हाणीघर. अमेरिकेंतील उपनगरांत अगदीं उलट प्रकार. घरापुढें हिरवळ असते, ती कापून-कोरून नेटकी ठेवलेली असते, पण तिच्यावर कोणी बसलेलें मीं सहा महिन्यांत एकदांहि पाहिलें नाहीं. ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसाठीं. घरचें खरें जिणें मागें. मागील दारास लागून जमिनीपासून दोनएक हात उंच असा फळ्यांचा ओटा असतो, त्यास डेक म्हणतात. जहाजाच्या तक्तपोशीला जो शब्द तोच याला. तेथें मुलें खेळतात, चहा होतो, शेजारी कुंपणापलीकडून हवापाण्याच्या गोष्टी बोलतात. संध्याकाळीं जून महिन्यांत काजवे चमकूं लागले कीं हा ओटा सोडून घरांत जाववत नाहीं.

माझे थोरले बंधु, आम्ही त्यांना दादा म्हणतों, सार्वजनिक बांधकाम खात्यांत ओव्हरसियर होते. आज त्यांचें वय ७८ आहे. गेलीं नऊ वर्षें ते व वहिनी एडिसन येथें आपल्या मुलाकडे असतात. दोन वर्षांपूर्वीं दादांना अर्धांगवाताचा सौम्य झटका आला. वाचा व बुद्धि शाबूत राहिली, पण उजवा पाय ओढून चालावें लागतें. अशा माणसाचें सारें जग म्हणजे खोलीपासून डेकपर्यंतचीं तीस पावलें. आणि त्या डेकचा उपयोग काय? घराचें तोंड पूर्वेस, म्हणून डेक पश्चिमेस; भिंतीलगत १६ फूट लांब आणि भिंतीपासून बाहेर १२ फूट रुंद. वर कांहीं नाहीं. मे महिन्यापासून फळ्या दुपारीं अशा तापत कीं अनवाणी पाऊल ठेवतां येत नसे. आणि उन्ह नसेल तेव्हां पाऊस. मोठी छत्री आणली होती, ती एका वावटळींत शेजाऱ्याच्या आवारांत जाऊन पडली. त्यामुळें दादा कांचेच्या दाराआड बसून दिवसभर बाहेर पाहत. आम्ही उभयतां एप्रिलच्या अखेरीस तेथें पोहोंचलों, त्याच्या दुसऱ्या दिवशीं वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, घर केवढें मोठें आहे हें, पण ह्यांना बसायला जागा नाहीं बघा."

पुतण्यानें डेकवर मांडव घालावयाचें ठरविलें होतें. तिकडे त्याला पर्गोला म्हणतात. मूळ शब्द लॅटिन पर्गुला, म्हणजे भिंतीपासून पुढें आलेलें छप्पर; तो इटालियन भाषेंतून इंग्रजींत आला. व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलेल्या पाँपेईच्या बागांतहि वेलींचे असे मांडव होते. लंडनजवळ हॅम्पस्टेड येथें लॉर्ड लेव्हरह्यूम यांनीं १९०५ पासून बांधविलेला पर्गोला पाहावयास आजहि लोक जातात. आपणांस ही कल्पना नवी नाहीं. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांतील लतामंडप कोण विसरेल? आणि काव्य सोडून शेताकडे वळलें तर नाशिककडचे द्राक्षांचे मांडव आहेतच.

माझें पहिलें मत द्राक्षवेलीच्याच बाजूचें होतें. थंड देशांत द्राक्षवेलीला उन्हाळ्यांत दाट पानें येतात व हिंवाळ्यांत तीं आपोआप गळून पडतात. म्हणजे सांवली हवी तेव्हां सांवली व उन्ह हवें तेव्हां उन्ह, आणि त्यासाठीं कळ दाबावी लागत नाहीं. (आमच्या नाशिकच्या बागाइतदाराला हें सुख नाहीं. तेथें वेल आपण होऊन झोपीं जात नाहीं, म्हणून एप्रिल आणि ऑक्टोबर अशी दोनदां छाटणी करावी लागते.) त्या मुलखांत चांगली वाढणारी काँकॉर्ड जातहि आहे, ती मॅसॅच्युसेट्समध्यें १८४९ सालीं एफ्रेम बुल नांवाच्या गृहस्थानें सिद्ध केली. हें सर्व मीं रात्रीं जेवतांना मांडलें. दादांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "वेल मांडवभर पसरायला किती वर्षें लागतात रे?" मी म्हणालों, "तीन-चार." ते हंसून म्हणाले, "मग ती वेल नातवाच्या नांवानें लावा." ताटावर कोणी हंसलें नाहीं. खर्च मोठा आहे, तो कोणासाठीं व किती उन्हाळ्यांसाठीं, हा विचार त्या घरांत प्रत्येकाच्या मनांत होता आणि कोणीहि तो बोलून दाखवीत नव्हतें. पुतणसुनेनें तेवढें धीट होऊन म्हटलें, "काका, एक उन्हाळा मिळाला तरी करायचें." त्यानंतर वेलीचा विषय निघाला नाहीं.

आतां राहिले तीन पर्याय: लाकडी वाशांचा कायमचा मांडव, ओढून घेतां येणाऱ्या कापडाचें छत, आणि फिरत्या पात्यांचें ॲल्युमिनियमचें छप्पर. कापडाचें छत स्वस्त, पण पावसांत त्याच्या झोळींत पाणी सांचतें आणि हिम पडण्यापूर्वीं तें गुंडाळून ठेवावें लागतें. तें आम्हीं लवकर बाजूस सारलें. लाकडी मांडव दिसण्यांत सर्वांत सुंदर व फिरत्या छपराच्या मानानें कितीतरी स्वस्त. त्याचा विचार मात्र नीट करावा लागला, आणि तो करण्यास मला माझ्या जुन्या विद्येचा उपयोग झाला.

वाचकांस कंटाळा येणार नसेल तर थोडें गणित सांगतों. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारांत बारा अंगुळांचा शंकु उभा करून त्याच्या छायेवरून दिशा, देश व काल कसे काढावे हें सांगितलें आहे. शंकूवरून पूर्व-पश्चिम साधण्याची रीत तर त्याहून प्राचीन, कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत आहे. मीं बारा इंचांची सरळ काठी ओळंब्यानें हिरवळीवरील एका पाटावर उभी केली, तिच्याभोंवतीं वर्तुळ काढलें, आणि सकाळीं छायेचें टोंक वर्तुळांत जेथें शिरलें व दुपारनंतर जेथून बाहेर पडलें त्या दोन बिंदूंना जोडणारी रेषा आंखली. ती पूर्व-पश्चिम रेषा. नातवानें आपली होकायंत्राची डबी आणून सांगितलें, "धाकटे आजोबा, तुमची रेघ चुकली." त्याला समजावून दिलें कीं, त्या प्रदेशांत चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेपासून बारा-तेरा अंश पश्चिमेकडे ढळते, सूर्य ढळत नाहीं. या रेषेवरून घराची मागील भिंत उत्तर-दक्षिण रेषेपासून जेमतेम चार-पांच अंश सरकलेली आढळली. म्हणजे डेक खरोखरीच पश्चिमेचा.

आपल्या पुण्यास वर्षांतून दोनदां, मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास व जुलैच्या अखेरीस, भर दुपारीं सांवली पायांखालीं नाहींशी होते. एडिसनला असें कधींच होत नाहीं. तेथील अक्षांश साडेचाळीस. तेथें मध्यान्हीं सूर्य बारा महिने दक्षिणेसच. २१ जूनला तो क्षितिजापासून ७३ अंश चढतो, २१ डिसेंबरला केवळ २६ अंश. (उन्हाळ्यांत घड्याळें एक तास पुढें केलेलीं असल्यामुळें हें मध्यान्ह होतें तेव्हां घड्याळांत जवळजवळ एक वाजलेला असतो.) समजा, आठ इंच उंचीच्या फळ्या पूर्व-पश्चिम घालून आठ-आठ इंचांच्या अंतरानें उभ्या बसविल्या. जूनमध्यें माध्यान्हीं प्रत्येक फळीची सांवली पडेल अडीच इंच. म्हणजे आठांपैकीं साडेपांच इंच उन्ह खालीं येणार. डिसेंबरांत तीच सांवली सोळा इंचांची, म्हणजे उन्हाचा कवडसाहि खालीं येणार नाहीं. तेव्हां असा कायमचा मांडव ग्रीष्मांत उन्ह देतो आणि शिशिरांत सांवली. हें गणित मीं कागदावर मांडून दाखविलें तेव्हां फिरत्या पात्यांचा पैसा कशासाठीं हें घरांत सर्वांस उमगलें. जूनमध्यें पातीं सूर्याकडे पाठ करून तिरपीं करावीं, खालीं पूर्ण सांवली व उत्तरेचें आकाश मोकळें. डिसेंबरांत तींच किरणांशीं समांतर, क्षितिजापासून २६ अंशांवर ठेवावीं, म्हणजे उन्ह सरळ आंत.

यंत्र म्हणाल तर साधें आहे. मुंबईच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना झिलमिल्या असत, मधली काठी वरखालीं केली कीं सगळ्या पट्ट्या एकदम फिरत. तेंच आडवें करून डोक्यावर घेतलें असें समजावें. प्रत्येक पातें पोकळ ॲल्युमिनियमचें, दोन्ही टोंकांना खुंटीवर फिरणारें. सर्व पातीं एका दांडीनें जोडलेलीं, आणि तुळईच्या पोटांत लपविलेली लहानशी मोटार ती दांडी पुढेंमागें सारते. मिटलीं कीं एका पात्याची कड दुसऱ्याच्या खोबणींत बसते. पावसाचें पाणी पात्यांवरून कडेच्या पन्हळींत, पन्हळींतून पोकळ खांबांत, खांबांतून खालीं. पावसाचे थेंब ओळखून छप्पर आपोआप मिटविणारें उपकरणहि बरोबर मिळतें.

पहिला विक्रेता आला तो मोठा बोलका होता. त्याचें म्हणणें, खांब डेकच्या फळ्यांवरच स्क्रूनें आवळूं, दोन दिवसांत काम, परवान्याची यातायात नको. दादा खुर्चींत बसून ऐकत होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "हें मिटलेलें असतांना वादळ आलें, तर हें वर उचललें जाऊं नये म्हणून काय केलें आहे?" त्या गृहस्थानें वजनाचें सांगितलें. दादा म्हणाले, "दाबणाऱ्या भाराचें मीं विचारलेंच नाहीं अजून." मिटलेलें छप्पर म्हणजे वाऱ्याला पंखच, आणि फळ्या मनुष्याचा भार पेलण्यासाठीं असतात, चार बिंदूंवर एकवटलेला भार त्यांना सोसत नाहीं. वरून हिमाचा हिशेब निराळा. चौरस फुटास पंचवीस पौंड धरले तरी १९२ चौरस फुटांवर ४८०० पौंड झाले. २०१२ च्या ऑक्टोबरांत सँडी वादळानें त्या किनाऱ्याची काय दशा केली हें तेथें अजून सर्वांच्या स्मरणांत आहे. तो विक्रेता पुन्हां आला नाहीं, व आम्हींहि बोलाविला नाहीं.

दुसऱ्यानें परवानाधारक एंजिनियरच्या सहीशिक्क्याचे नकाशे आणले, वारा किती व हिम किती धरलें तें आंकड्यांत लिहून दिलें, आणि तापमानानें धातु वाढेल त्यासाठीं पात्यांच्या टोंकांशीं किती फट ठेवली आहे हेंहि दाखविलें. बारा फुटांच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत कडक हिंवाळा व कडक उन्हाळा यांमध्यें चार मिलिमीटरांहून जास्त फरक पडतो. रुळांमधल्या फटी आयुष्यभर पाहिलेल्या दादांनीं येथें प्रथमच मान डोलावली. पातीं १२ फुटांचीं म्हणजे पूर्व-पश्चिम ठेवावीं हेंहि ठरलें. सोळा फूट लांब घेतलीं असतीं तर मध्यें आणखी एक तुळई लागली असती.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि विक्रेत्यानें आपण होऊन सांगितली नाहीं. पश्चिमेचें उन्ह छपरानें अडत नाहीं. जूनच्या अखेरीस तेथें सायंकाळीं पांचच्या सुमारास सूर्य सममंडलावर, म्हणजे बरोबर पश्चिमेस येतो, आणि तेव्हां त्याची उंची असते सुमारें ३८ अंश. छप्पर नऊ फुटांवर असेल तर त्याच्या कडेखालून किरण साडेअकरा फूट आंत शिरतात. म्हणजे बसलेल्या मनुष्याच्या थेट तोंडावर. पुढें साडेआठपर्यंत सूर्य मावळत नाहीं. पातीं कशींहि फिरवा, हे साडेतीन तास छप्पर निरुपयोगी. म्हणून पश्चिमेच्या बाजूस वरून खालीं सोडण्याचा जाळीदार कापडाचा पडदा मुद्दाम बसवून घेतला. आपले वाडवडील वाळ्याचे पडदे सोडीत तें याच अनुभवानें.

मग नगरपालिकेचा परवाना. घराचा मोजणीचा नकाशा, कुंपणापासूनचें अंतर, पायाचे छेद, हें सारें देऊन तीन आठवडे थांबलों. खणण्यापूर्वीं ८११ या क्रमांकावर कळवावें लागतें. सबंध देशांत एकच क्रमांक व त्यास फी नाहीं. मग ज्यांच्या तारा व नळ भूमींत आहेत त्यांचीं माणसें येऊन हिरवळीवर रंगीत निशाणें रोवून जातात: वीज तांबडी, गॅस पिवळा, पाणी निळें, मैलापाणी हिरवें, दूरध्वनीच्या तारा नारिंगी. आमचें परसू एके सकाळीं जत्रेसारखें दिसूं लागलें. त्यांतली तांबडी रांग एका नियोजित खड्ड्यावरूनच गेली होती. खांब दीड फूट आंत घ्यावा लागला, नकाशा पुन्हां काढावा लागला, आणि एक आठवडा गेला. पुतण्या चिडला, पण पहारीखालीं जिवंत तार येण्यापेक्षां आठवडा गेलेला बरा.

खड्डे साधारण तीन फुटांखालीं न्यावे लागतात, कारण हिंवाळ्यांत तेथवर जमीन गोठते, व गोठतांना फुगून वरचा पाया उचलते. भिंतीकडचे दोन खड्डे तर आणखी खोल गेले. तळघर बांधतांना खणून पुन्हां भरलेली माती तेथें होती, आणि भरावावर पाया घेऊं नये हें दादांनीं कामकऱ्यांना खुणांनीं सांगितलें. कामकरी स्पॅनिश बोलणारे, दादांचें इंग्रजी सरकारी. तरी काम अडलें नाहीं. नगरपालिकेचा निरीक्षक आला, त्यानें काँक्रीट ओतण्यापूर्वीं प्रत्येक खड्ड्यांत पट्टी सोडून पाहिली. दादांनीं त्याला खुर्ची देवविली. पाऊण तास ते दोघे माती या विषयावर बोलत बसले होते. गेल्या दोन वर्षांत दादा इतकें बोललेले नाहींत असें वहिनी आंतून मला म्हणाल्या. पुढचे सात दिवस काँक्रीटवर ओलीं गोणपाटें ठेवविलीं, आणि तीं सुकलीं नाहींत ना हें पाहण्यास ते काठी टेकीत दिवसांतून चार वेळां दारापर्यंत येत.

फळ्यांना भोंकें पाडून खांब खालच्या पायावर उभे राहिले, व जुलैच्या मध्यास दोन दिवसांत वरचें काम उरकलें. पाणी कोठें सोडावयाचें यावर मात्र आम्हीं हट्ट धरला. एक इंच पाऊस पडला तर या छपरावरून सोळा घनफूट, म्हणजे सुमारें साडेचारशें लिटर पाणी येतें. तें खांबाच्या बुडाशीं सोडलें कीं गेलें तळघरांत. १ सप्टेंबर २०२१ रोजीं आयडा वादळाच्या पावसानें त्या प्रांतांतील कितीतरी तळघरें बुडालीं होतीं. म्हणून जमिनीखालून नळ घालून पाणी हिरवळीच्या उतारावर नेलें. खांबांत पाणी तुंबलें तर हिंवाळ्यांत गोठून खांब फाटतो, हेंहि त्यामागें कारण होतें.

पहिला पाऊस आला तेव्हां दादा खालीं बसलेले होते. ढग भरून आले, चार थेंब त्यांच्या वर्तमानपत्रावर पडले, आणि वर कुरकुर होऊन पातीं एकामागें एक मिटलीं. त्यास मिनिटभर लागलें. वहिनी शाल घेऊन धांवल्या तर त्यांना हातानें थांबवून दादा खांबाला कान लावून आंतलें पाणी ऐकत राहिले. एका कोपऱ्यांत थोडें गळत होतें, तें पुढच्या आठवड्यांत सांधा भरून बंद केलें. वाऱ्याबरोबर बाजूंनीं तुषार येतात ते येतातच. अजिबात पाणी येत नाहीं असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये. ऑगस्ट व सप्टेंबर हे दोन महिने सकाळचा चहा, दुपारचें वाचन व रात्रीं जेवणानंतरच्या गप्पा तेथेंच झाल्या. नातू एरवीं आपल्या खोलींतून बाहेर पडत नसे, तोहि पातीं फिरविण्याच्या निमित्तानें येऊन बसूं लागला. विषुवदिनीं मीं त्याच्याकडून शंकूची छाया मोजविली: सवादहा इंच. पुण्यास ती चार इंच असते असें सांगितलें तेव्हां आपलें गांव किती दूर आहे हें मला वाटतें त्याला प्रथमच समजलें.

ऑक्टोबरांत निघण्यापूर्वीं मीं एका पुठ्ठ्यावर महिनेवार पात्यांचे कोन लिहून कळीशेजारीं लावून आलों. खालीं तांबड्या शाईनें, हिम पडण्याची वर्दी असेल तर आदल्या रात्रींच पातीं उभीं करावीं, ही कारखानदाराची सूचना. २१ डिसेंबरला दादांचा दूरध्वनि आला. आदल्या दिवशीं हिम पडलें होतें, म्हणून छाया मोजावयास नातू खालीं उतरला होता. साडेचोवीस इंच भरली. दादा दारापुढें खुर्ची टाकून, कानटोपी व शाल घेऊन उन्हांत बसले होते, आणि पात्यांचा कोन २६ ऐवजीं २८ केला तर चालेल काय, असें त्यांचें विचारणें होतें.